महजूबाचा अल्लाल

महजूबा जावास्क्रिप्ट शिकली ती मुलासाठी, आणि साऱ्या जगात हे ज्याला ठाऊक नव्हतं तो एकटा तिचा मुलगाच होता.

मला ठाऊक होतं, कारण आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत आहे आणि गच्चीही एकच आहे. तिच्याकडे चमचा पडला तर माझ्याकडे ऐकू येतो. तसं तिच्या घरात फारसं काही पडत नाही. माझ्याकडे मुलं, सुना, नातवंडं आणि दोन शिलाई यंत्रं यांचा दिवसभर बाजार भरलेला असतो. भिंतीपलीकडे मात्र एक बाई, एक चहाची किटली आणि तिचा मुलगा इसाम मागे ठेवून गेला तो लॅपटॉप.

उभी हयात तिने आमच्या आसफी बंदरातल्या तारलीच्या कारखान्यात काढली. मासळीचं डोकं उडवायचं, पोट साफ करायचं, डब्यात शेपटीला शेपूट लावून बसवायची आणि डबा पुढे सरकवायचा. इसाम शाळेत होता तेव्हा नवरा गेला. तिने दुसरं लग्न केलं नाही. मागण्या आल्या होत्या, मीच एक आणली होती, पण बाई हलली नाही. पोराला शिकवलं, कासाब्लांकाला पाठवलं, तिथून तो मॉन्ट्रियलला गेला. मग गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि कारखानाही सुटला. उरला फक्त रविवारचा फोन.

तो फोन मला तोंडपाठ होता. भिंतच तशी आहे.

"वालिदा, कशी आहेस?"

"अल्हम्दुलिल्लाह. तू?"

"बरा आहे. काय केलंस जेवायला?"

"मसूर. तू काय खाल्लंस?"

"असंच काहीतरी. बरं वालिदा, काम आहे, ठेवतो."

बस्स, संपलं. ती मग तो फोन हातात धरून तशीच बसायची, जणू त्याच्यात अजून थोडं बोलणं शिल्लक असावं. तो पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही त्याला शिव्या द्याल, आणि त्या माझ्या देऊन झाल्या आहेत. त्याला आईवर माया होती. फक्त तिच्याशी बोलायचं काय, हे त्याला सुचत नव्हतं.

एकदा तिने धीर करून विचारलं, "काम काम म्हणतोस, ते काम म्हणजे काय रे?"

"वेबसाइटी बनवतो. जावास्क्रिप्ट म्हणतात. तुला सांगून काय कळणार, वालिदा?"

तो हसत म्हणाला होता. पण दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना महजूबा मला म्हणाली, "बतूल, कळलं तर तो सांगेल की नाही?"

"काय कळलं तर?"

"ते जावा का काय ते."

मी म्हटलं, "अगं बाई, या वयात लोक हजला जायची तयारी करतात."

तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही.

फुकटात शिकवणारा एक सीरियन उस्ताद तिने शोधून काढला. त्याचे व्हिडिओ अरबीत होते आणि तो सावकाश बोलायचा. त्याची शिकवण्याची रीत मलाही पाठ झाली. धडा बघायचा, मग बंद करायचा, आणि बंद केल्यावर कोऱ्या पानावर सगळं स्वतःच्या हाताने पुन्हा लिहायचं. उतरवून काढायचं नाही. लाल अक्षरं आली तर घाबरायचं नाही, ती शांतपणे वाचायची, कारण चूक कुठल्या ओळीत आहे ते तीच सांगतात. आणि शिकलेलं कुणालातरी मोठ्याने समजावून सांगायचं. ते 'कुणीतरी' म्हणजे अर्थात मी. गच्चीवर मी वाटाणे सोलत बसायची आणि ती सुरू व्हायची.

"हे बघ, फंक्शन म्हणजे एकदा सांगून ठेवलेलं काम."

"माझ्या नवऱ्याला एकदा सांगून ठेवलेलं काम आजवर झालेलं नाही."

"कारण तू नुसतं सांगून ठेवतेस. हाक मारावी लागते. हाक मारल्याशिवाय फंक्शन चालत नाही."

"मी हाका मारून घसा बसवला आहे, महजूबा."

"मग तुझ्या लिहिण्यात चूक असेल," ती म्हणायची, आणि खरोखर विचारात पडायची.

सुरुवातीला तिला काही जमेना. लॅपटॉपवरची अक्षरं फ्रेंच, तिची फ्रेंच पाचवीपुरती, आणि कंस कुठे उघडला नि कुठे मिटला याचा पत्ता नसायचा. तरी कारखान्यातली चिकाटी होती. आधी बेरजेचं यंत्र बनवलं. मग बाजारात काय आणायचं त्याचं पान बनवलं, त्यात एखादी वस्तू घेतली की तिच्यावर काट मारता यायची. ते चाललं त्या दिवशी तिने माझ्या घरी गावभर सांगावं तसं सगळ्यांना सांगितलं. मुलाला मात्र रविवारी सांगितलं.

तो मोठ्याने हसला. "वालिदा, तू कशाला डोकं शिणवतेस? आराम कर ना." आणि मग प्रेमाने म्हणाला, "थांब, तुला एक मस्त लिंक पाठवतो."

लिंक आली. उघडली तर त्यात एक ससा टोपी घालून लहान पोरांना रंगीत ठोकळे रचायला शिकवत होता. महजूबाने तो सगळा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मी पाहत होते, मला तो ससा धरून रस्सा करावासा वाटला.

पुढच्या फोनमध्ये तिने एक खरा प्रश्न विचारला, तेव्हा इसाम म्हणाला, "आत्ता वेळ नाही गं. संध्याकाळी आणि रविवारी दुपारी मी ग्रुपवर शिकवतो ना, आपल्याकडच्या नव्या लोकांना. फार प्रश्न असतात त्यांचे."

म्हणजे वेळ होता. फक्त तो आपल्याकडच्या नव्या लोकांसाठी होता.

तिसऱ्या दिवशी महजूबा मला म्हणाली, "मी नवीन आहे. आणि आपल्याकडची आहे."

तिने इसामचा ग्रुप शोधून काढला. तिथे नाव विचारलं तेव्हा तिने गल्लीत गाढवगाडीवरून पुदिना विकणाऱ्या अल्लालचं नाव टाकलं. गाव म्हणून नादोर लिहिलं. तिथे ती कधी गेलीही नव्हती.

ग्रुपचा नियम होता की प्रश्न विचारायच्या आधी आपण काय काय करून पाहिलं ते लिहायचं. महजूबाने सगळं लिहिलं, तारलीचा डबा भरावा तसं एकाशेजारी एक. आणि इसामचं उत्तर आलं. उत्तर कसलं, पत्रच्या पत्र!

"खूया अल्लाल," म्हणजे अल्लालभाऊ, त्याने लिहिलं होतं, "तू स्वतः इतकं करून पाहिलंस हे फार आवडलं. आता आपण दोघं मिळून बघू." आणि मग कुठे चुकलं, का चुकलं, कुठलं पान वाचायचं, कुठली ओळ मधे छापून बघायची, हे त्याने इतकं सावकाश लिहिलं होतं की मलासुद्धा अर्धंअधिक कळलं. शेवटी लिहिलं होतं, "घाई नको. मी इथेच आहे."

महजूबाने ते मला तीनदा वाचून दाखवलं. मी इथेच आहे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. मला तिच्या पोराचा असा राग आला की सुई बोटात घुसली.

मग हे रोजचंच झालं. अल्लाल विचारायचा, इसाम समजावायचा. काही दिवसांनी तो ग्रुप सोडून खासगीतही लिहू लागला. अल्लाल वयाने मोठा आहे, घरात एकटाच असतो, एवढं तिने सांगितलं होतं. मग इसाम मोकळा झाला. तिथला बर्फ कसा महिनोन्महिने हटत नाही. साहेब सगळ्यांसमोर कसा बोलतो. आपल्यासारखा चहा तिथे कितीही केला तरी होत नाही, पुदिन्यालाच वास नसतो. रविवारी सकाळी तो एकटाच नदीकाठी चालतो आणि कधीकधी दिवसभर कुणाशी एक शब्द बोललेला नसतो. ही सगळी बातमी महजूबाला अल्लालकडून कळायची. फोनवर तो 'बरा आहे' एवढंच सांगायचा.

"सांगून टाक त्याला," मी म्हणायचे.

"सांगितलं तर तो लाजेल. लाजला की लिहिणं थांबवेल."

"आणि तू अशीच पुदिनावाला होऊन बसणार?"

"बतूल, अल्लाल गेला की इसामही जाईल," ती म्हणाली. "मला रविवारचा इसाम उरेल, तो मसूरवाला."

मी वाटाणे सोलत राहिले.

उस्तादने एका धड्यात सांगितलं होतं की आता आपल्याला रोज लागेल अशी एखादी गोष्ट स्वतः बनवा. महजूबाला काय लागत होतं हे काही गुपित नव्हतं. तिने एक पान बनवलं आणि त्याला नाव दिलं, 'फोन करू का?' वर दोन घड्याळं, एक आपलं आणि एक तिकडचं. खाली एकच शब्द यायचा, 'कर' किंवा 'नको'. इसामने वेळोवेळी जे जे सांगितलं होतं ते सगळं तिने त्यात अटी म्हणून घातलं होतं. आठच्या आधी तो झोपलेला असतो, नको. मग कचेरी, नको. संध्याकाळी व्यायाम, मग ग्रुप, नको. त्यानंतर आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते, आणि 'तू जागू नकोस वालिदा' असं त्यानेच बजावलं होतं, म्हणून नको. शनिवारी कपडे धुणं आणि फुटबॉल. एवढं सगळं वजा जाता रविवारी तिकडच्या बाराला थोडीशी फट उरायची, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा. तेवढ्यापुरतं पान म्हणायचं, 'कर'. हिरव्या रंगात.

मी म्हटलं, "एवढं यंत्र कशाला? रविवारी सहाला फोन करायचा, एवढंच तर आहे."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण ते कुणीतरी सांगितलं की बरं वाटतं."

मग रमझान जवळ आला. महिन्याच्या आधीच्या रविवारी आपल्याकडे घड्याळ तासभर मागे जातं, आणि ईद झाली की पुन्हा पुढे येतं. लॅपटॉपच्या घड्याळाने काटा मागे घेतला. पण तिकडची वेळ काढायला महजूबाने 'सहा तास वजा' असं हाताने लिहून ठेवलं होतं, ते सहाच राहिले. पान हिरवं झालं, तिने फोन लावला. तिकडे एक वाजला होता आणि वर्ग सुरू होता.

"वालिदा, आत्ता नाही, मी शिकवतोय!" तो दबक्या आवाजात ओरडला. "आणि ऐक, रमझानात रविवारी बारा-एकपर्यंत मी झोपलेला असेन, मग ग्रुप, मग मित्रांकडे इफ्तार. तेव्हा नको करूस, बरं का?"

"बरं," ती म्हणाली. तोवर फोन बंद झाला होता.

तिने पान उघडलं आणि या नव्या अटीही निमूट घालून टाकल्या. दुसऱ्या दिवशी अल्लालने ग्रुपवर तासाची तक्रार लिहिली.

इसामचं उत्तर हसतच आलं. "खूया, ही आपल्याच लोकांची चूक आहे! दर रमझानला दोन-चार जण हीच घेऊन येतात. तासांचा आकडा कधी हाताने लिहायचा नाही. शहराचं नाव द्यायचं आणि वेळ यंत्रालाच विचारायची. कुठलं शहर आहे?"

मॉन्ट्रियल लिहायची तिची छाती होईना. तिने टोरांटो लिहिलं, घड्याळ तेच. त्याने ओळ कशी लिहायची ते दाखवलं आणि म्हणाला, "आता सगळा कोड पाठव, एकदा नजर टाकतो."

तिने पाठवला. मी तिच्या शेजारीच होते, हरीराच्या कढणासाठी कोथिंबीर निवडत. मला वाटलं, आता पकडली जाणार. त्याचा अख्खा दिवस त्या अटींमध्ये होता, उठण्यापासून झोपेपर्यंत. आपलाच दिवस समोर आला तर माणूस ओळखणार नाही का?

उत्तर यायला वेळ लागला. मग आलं.

"खूया, घड्याळ आता बरोबर आहे. पण एक बघ, तुझं पान 'कर' असं कधीच म्हणणार नाही. मी सगळे तास तपासले. एकही उरत नाही. हा कोण नातेवाईक आहे तुझा? मंत्री आहे का?"

मी खो खो हसले. मग महजूबाकडे पाहिलं आणि पुन्हा कोथिंबीर निवडायला लागले.

तिने लिहिलं, "जवळचा आहे."

"जवळचा असता तर त्याच्यासाठी एवढ्या अटी लिहाव्या लागल्या नसत्या. राग मानू नकोस, तू वडीलधारा आहेस. पण माझं ऐक, हे पान पुसून टाक. त्याला फोन करणं सोड. त्याला वाटेल तेव्हा तो करेल."

"ओळखलं नाही त्याने," मी म्हणाले. माझ्या अंगाची लाही झाली होती. "स्वतःचं थोबाड आरशात दिसलं तरी ओळखायचा नाही हा!"

महजूबा म्हणाली, "सांगतोय ते बरोबर आहे." आणि तिने ते पान खरंच पुसून टाकलं.

त्या रविवारी तिने फोन केला नाही. पुढच्याही नाही. मला वाटलं मोडेल, पण बाईने मास्तरचं ऐकलं होतं. इफ्तारला मी तिला ओढून आमच्याकडे आणायचे. ती खजूर तोंडात टाकायची, दोन घोट हरीरा प्यायची, मुलांच्या गलक्यात हसायची आणि लवकर उठून जायची. मग भिंतीपलीकडून खटखट ऐकू यायची. तेवढा आवाज आला की माझा जीव शांत व्हायचा.

इसामने फोन केला नाही. ग्रुपवर मात्र तो रोज होता, आणि अल्लालला रोज उत्तरं देत होता.

ईदच्या आधीच्या शनिवारी, दुपारच्या असरच्या नमाजानंतर, तिने भिंतीवर मूठ आपटली. मी हातातलं शिवण टाकून गेले. पडद्यावर खासगी निरोप होता.

"खूया अल्लाल, तू मोठा आहेस म्हणून विचारतो. माझी आई दर रविवारी फोन करायची. आता कितीतरी दिवस करत नाही. तिला काही झालं असेल तर शेजारीण कळवेल, म्हणजे तब्येतीचं नसावं. ती रागावली आहे का? मला फोन करायला भीती वाटते. करून काय बोलू, हेच कळत नाही."

मी म्हटलं, "लिही! आत्ताच्या आत्ता लिही की गाढवा, मीच तुझी आई."

"थांब."

"कशाला थांबू? तो विचारतोय तुझ्याबद्दल! तुलाच विचारतोय!"

"तो अल्लालला विचारतोय," महजूबा म्हणाली.

तिने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी हे गेलं: "ती रागावलेली नाही. तिला फोन कर. बोलायला सुचलं नाही तर तुझ्या कामाचं सांग. तिला कळेल."

"बघतो, खूया," असं आलं.

आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. खरंच वाजला. तिने ओढणी सारखी केली, जणू तो दारात उभा आहे.

"वालिदा? कशी आहेस?"

"अल्हम्दुलिल्लाह, बाळा. तू?"

"बरा आहे. फोन नाही केलास तो?"

"तुला काम असतं म्हणून."

"हो... म्हणजे, तसं काही नाही." त्याने विषय बदलला. "हरीरा केलीस?"

"केली. बतूलकडेही दिली."

"वा." मग तो अडखळत म्हणाला, "काम चाललंय. एक पान करतोय सध्या. म्हणजे त्यात ना, माहिती उशिरा येते, आणि ती यायच्या आधीच..."

महजूबा खुर्चीच्या कडेवर आली. तिचे ओठ हलले. हा धडा तिला येत होता. मागच्याच आठवड्यात तिने तो मला गच्चीवर समजावला होता: माहितीची वाट बघायला कसं सांगायचं आणि ती आली नाही तर काय करायचं. तिने तोंड उघडलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तुला कंटाळा येईल, फार किचकट आहे."

"नाही येणार. सांग ना."

"पुढच्या वेळी सांगेन, इन्शाल्लाह. तू तब्येत सांभाळ, वालिदा. ठेवतो."

"इसाम, मी..."

"काय गं?"

मी तिला कोपराने ढोसलं. बोल, बाई, बोल. तिने माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"काही नाही. जेवत जा वेळेवर."

फोन बंद झाला. मला तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि जवळ घ्यावंसंही वाटत होतं. किटलीतला पहाटेचा चहा केव्हाच थंड झाला होता, आणि इफ्तारला वेळ असल्याने तो कुणी पिणारही नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावर निरोप आला.

"खूया, केला फोन. ती बरी आहे, रागावलेली नाही. तू सांगितलंस तसं कामाचं काढलं, पण जमलं नाही. तिच्याशी बोलताना मला शब्दच मिळत नाहीत. तुझ्याशी बोललं की घरी बोलल्यासारखं वाटतं."

महजूबाने ते वाचलं. मला वाटलं ती रडेल, म्हणून मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला आणि टाइप केलं, "मग बोल, खूया. ते पान कुठे अडलंय?"